प्रगट परिचारिका

पेंटरने पाटीचा शेवटचा खिळा ठोकला, मागे सरून आपल्याच अक्षरावर खूश होत मान डोलावली आणि म्हणाला, "घ्या बाई. आता कुणी चुकून दुसऱ्या खोलीत जाणार नाही."

सिस्टरनी पाटी वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा वाचली. निळ्या पाटीवर पांढरी, टपोरी, बघत राहावीत अशी अक्षरं होती : 'प्रगट परिचारिका'.

"अहो, हे काय लिहून ठेवलंत?"

"का? वेलांटी चुकली?"

"वेलांटी कसली! मी फोनवर प्रगत म्हटलं होतं. प्रगत! तलवारीतला त!"

"ते ऐकलं होतं मी नीट," पेंटर जरा दुखावला. "पण म्हटलं, बाईंची बोलताना गफलत झाली असेल. प्रगत देश असतो, प्रगत यंत्र असतं. परिचारिका कशी काय प्रगत असेल? म्हणून मग मीच सुधारून घेतलं."

"आणि परिचारिका प्रगट असते होय?"

पेंटरने ब्रश कानामागे खोचून प्रामाणिकपणे विचार केला. "वॉर्डात बेल दाबली की येतात ना? मग!"

सिस्टरनी पाटी काढायला सांगितली. पेंटर म्हणाला, रंग ओला आहे, आत्ता हात लावला तर सगळ्याचा चिखल होईल. दुपारी वाळलं की ट खरवडतो आणि त घालतो. एवढं बोलून तो डबे सायकलला अडकवून निघूनही गेला आणि दारावर ओला ट तेवढा चमकत राहिला.

सिस्टरना नाव होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. हॉस्पिटलात सगळे त्यांना सिस्टर म्हणत. ही गोष्टही त्या एका शब्दाचीच असल्यामुळे आपणही सिस्टरच म्हणू. अर्धं आयुष्य वॉर्डात काढल्यावर हा शब्द त्यांच्या कानात शिरला की मेंदूकडे न जाता थेट पायांत उतरायचा. 'सिस्टर!' अशी हाक आली की आधी त्या उठत, मग चालू लागत आणि कुठे जायचंय हा विचार वाटेत करत. एकदा बाजारात एका मुलाने आपल्या बहिणीला चिडवायला "ओ सिस्टर!" अशी आरोळी ठोकली, तर या भाजीची पिशवी टाकून त्याच्यापाशी हजर झाल्या आणि "काय होतंय?" म्हणून त्याची नाडी बघायला लागल्या.

अशा बाईने या वयात पुन्हा अभ्यास करून प्रगत परिचारिकेची परीक्षा का दिली, असं सगळे विचारत. त्याचं कारण साधं होतं. सिस्टरना विलक्षण चौकस स्वभाव मिळाला होता आणि वॉर्डात त्याचे फार हाल होत होते. एखादी म्हातारी सांगायला लागे, "तशी मी ठणठणीत गं, पण परवा काय झालं, मी जिना चढत होते आणि..." आणि तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरून हाक येई. जिन्यात काय झालं ते राहूनच जाई. सिस्टर रात्री जेवताना घास हातात धरून बसत. नवऱ्याने विचारलं तर म्हणत, "ती जिन्यात पडली असेल, की तिला नुसती चक्कर आली असेल, हो?" नवऱ्याला ना ती बाई माहीत, ना तो जिना. तो म्हणे, "पडली असेल. जेव आता."

आता मात्र त्यांना स्वतःची खोली मिळाली होती. पेशंटला विचारायचं, तपासायचं, नेहमीच्या दुखण्यांवर औषध लिहायचं आणि अडलं तर मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं. म्हणजे प्रश्न विचारायचा आणि उत्तर पुरतं होईपर्यंत बसून राहायचं. यासाठी पगार मिळतो, याचंच त्यांना अजून नवल वाटत होतं.

पण खोली अजून पक्की नव्हती. कालपर्यंत तिथे चादरी आणि उशा राहत होत्या. हॉस्पिटलच्या कमिटीच्या अध्यक्षबाईंना हे नवं पद म्हणजे नसती थेरं वाटत होती. त्या स्वतः शाळेच्या मुख्याध्यापिका. सध्या शाळेला सुट्टी लागली होती, त्यामुळे त्यांना तपासणीला भरपूर वेळ होता. आज दुपारी त्या स्वतः येऊन बघणार होत्या. पटलं नाही तर चादरी परत खोलीत आणि सिस्टर परत वॉर्डात, हे ठरलेलं होतं.

"एकच लक्षात ठेवा," मोठे डॉक्टर सकाळी म्हणाले होते. "पेशंट समोर असताना खुर्चीतून उठायचं नाही. तुम्ही उठलात की त्याला वाटतं, संपलं. मग तो खरं सांगतच नाही."

"नाही उठणार," सिस्टर म्हणाल्या आणि हे म्हणायला त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

पहिले आत आले ते एक पाठदुखीवाले आजोबा. येताना ते दारात बराच वेळ थांबले होते.

"प्रगट परिचारिका," त्यांनी खुर्चीत बसत सुरुवात केली. "म्हणजे बाकीच्या काय, गुप्त असतात?"

"ती चूक झालीये, आजोबा. काय होतंय तुम्हाला?"

"सांगतो. आधी तुम्ही कोण ते कळू दे. डॉक्टर का?"

"नाही."

"मग सिस्टर?"

"हो. म्हणजे होते. म्हणजे आहेच, पण आता तपासणार मी, औषध लिहिणारही मीच."

"मग डॉक्टर काय करणार?"

"गरज पडली तर मी त्यांना विचारणार."

आजोबांचा चेहरा एकदम उजळला. "असं होय! मग सोपं आहे की. आमच्या घरी हेच चालतं. सगळं आमची ही बघते, गरज पडली तर मला विचारते."

"आणि पडते गरज?"

"अजून तरी नाही पडली."

सिस्टरना हे उत्तर फार आवडलं. पाठ कधीपासून दुखते, वाकताना की उठताना, झोप लागते का, असं त्या एकेक विचारत गेल्या आणि आजोबाही खुलले. "खरं सांगू का," ते पुढे वाकून हळूच म्हणाले, "ही पाठ दुखायला लागली ना, त्याच्या आदल्या दिवशी मी घरात कुणाला न सांगता..."

"सिस्टर!" बाहेरून हाक आली.

पुढचं सिस्टरना कळलं तेव्हा त्या वॉर्डात होत्या आणि त्यांच्या हातात सलाईनची बाटली होती.

"तुम्ही कशाला आलात?" वॉर्डातली धाकटी सिस्टर म्हणाली. ती आता त्यांच्या जागी होती. "मला हाक मारली त्यांनी."

"हो, हो. मी आपली सहज..." सिस्टर बाटली तिच्या हातात देऊन लगबगीने परतल्या. खोलीत आजोबा नव्हते. ते बाहेर बाकांवर बसलेल्या लोकांसमोर उभे होते.

"माझ्या डोळ्यांसमोर!" ते सांगत होते. "मी बोलतोय, त्या ऐकतायत. पापणी मिटून उघडली, तर खुर्ची रिकामी. नुसती फिरतेय स्वतःभोवती!"

"आजोबा, आत चला," सिस्टर मागून म्हणाल्या.

बाकांवरचे सगळे एकदम वळले. कुणीतरी दारावरची पाटी वाचली, मग सिस्टरकडे पाहिलं, मग पुन्हा पाटीकडे.

"झाल्या!" एक बाई पुटपुटली. "प्रगट झाल्या!"

इथवर प्रकरण हातातलं होतं. पण त्या बाकांवर एक फळविक्रेता बसला होता आणि त्याचं डोकं फार तरतरीत होतं. त्याने हिशेब मांडला. रांगेत बसलं की या बाई दिसत नाहीत. 'सिस्टर' म्हटलं की दिसतात. मग रांगेत कशाला बसायचं? त्याने खात्री करून घ्यायला, बसल्या जागेवरून, अगदी हलक्या आवाजात म्हणून पाहिलं, "सिस्टर."

दार उघडलं. सिस्टर समोर उभ्या. "काय झालं?"

"काही नाही," फळविक्रेता भारावून म्हणाला. "माझा कान दुखतो जरा."

मग काय विचारता! हा हा म्हणता बातमी औषधाच्या खिडकीपाशी पोचली, तिथून रक्त तपासायच्या खोलीपाशी गेली. ज्यांना काहीही होत नव्हतं, जे नुसते दुसऱ्याबरोबर आले होते, असे लोकही बघायला थांबले. जिन्यातून एक "सिस्टर!", खिडकीतून एक "सिस्टर!", आणि प्रत्येक वेळी सिस्टर हजर. येऊन त्या विचारत, "काय झालं?" आणि लोक कौतुकाने एकमेकांकडे बघत. एक आई आपल्या रडक्या पोराला कडेवर घेऊन म्हणाली, "गप्प हो, नाहीतर बोलवेन हं." पोरगं खरंच गप्प झालं. आजोबा या सगळ्यात आत-बाहेर करत होते आणि त्यांचं वाक्य दर वेळी 'कुणाला न सांगता' इथवर येऊन तुटत होतं. सिस्टरचा जीव त्या वाक्यात अडकून राहिला होता. माणसाने न सांगता केलं तरी काय?

जेवणाच्या सुट्टीत सिस्टरनी दार लावून घेतलं आणि नवऱ्याला फोन केला. नवरा घरसामान हलवून देणाऱ्या कंपनीत होता. कपाटं, आरसे, शोकेसा धक्का न लागता एका घरातून दुसऱ्या घरात नेणं हे त्याचं काम.

"अहो, माझ्याच्याने नाही होणार हे," सिस्टर म्हणाल्या. "हाक आली की मी उठतेच. मला कळायच्या आत उठते. दुपारी अध्यक्षबाई येतायत. त्यांनी बघितलं की झालंच. पुन्हा जन्मभर अर्धवट वाक्यं ऐकत बसायचं."

"रडू नकोस. नीट सांग. हलतं काय?"

"मी हलते!"

"मग सोपं आहे," नवरा शांतपणे म्हणाला. "जे हलतं ते बांधायचं. वाटेत दार उघडू नये म्हणून आम्ही कपाट बांधतो की नाही? तसं बांधून घे. खुर्चीला."

"अहो, काहीतरीच काय!"

"तुझ्या अंगाला सवय लागलीये ना? मग उठायला गेलीस की आडवं काहीतरी यायला पाहिजे. दोनचारदा अडलीस की अंगाला कळेल. कोट वरून घातलास तर दिसणार पण नाही."

बुडणाऱ्याला जसं काहीही पटतं तसं सिस्टरना ते पटलं. त्यांनी सफाईच्या मावशींना आत बोलावलं आणि रुंद बँडेज पुढे केलं. मावशींनी या हॉस्पिटलात इतकं काही बघितलं होतं की त्यांनी कारण विचारलं नाही. कमरेभोवती वेढे घालून त्यांनी खुर्चीच्या पाठीला अशी गाठ मारली की सिस्टरचा श्वासच अडला.

"घट्ट झाली का?" मावशींनी विचारलं.

"थोडी."

"मग बरोबर झाली," म्हणून मावशी निघून गेल्या.

नवऱ्याला थोड्या वेळाने एक गोष्ट आठवली आणि त्याने परत फोन केला. पण तेव्हा सिस्टर आजोबांची पाठ तपासत होत्या, म्हणून त्यांनी तो घेतला नाही. त्याला एवढंच विचारायचं होतं, की खुर्चीला चाकं आहेत का.

होती. चांगली पाच होती आणि नव्या खोलीसाठी म्हणून मावशींनी सकाळीच त्यांना तेल घातलं होतं.

दुपारी पेंटर कबूल केल्याप्रमाणे आला. त्याने शिडी लावली आणि ट खरवडायला घेतला. तो पुरता निघाला आणि त घालायला ब्रश बुडवणार, एवढ्यात मोठे डॉक्टर अध्यक्षबाईंना घेऊन आले. अध्यक्षबाई उंच, ताठ आणि शिस्तीच्या. बोलताना समोर वर्ग बसला आहे असं धरून बोलायच्या. त्यांनी मान वर करून पाटी वाचली.

"प्रग परिचारिका. डॉक्टर, प्रग म्हणजे काय?"

"अजून पूर्ण व्हायची आहे, बाई," शिडीवरून पेंटर म्हणाला.

"ते दिसतंच आहे," अध्यक्षबाई म्हणाल्या.

मोठ्या डॉक्टरांना वाटलं, आधी वॉर्ड दाखवावा, म्हणजे बाईंचा राग जरा निवळेल. धाकट्या सिस्टरला बरोबर घ्यावं म्हणून त्यांनी हाक मारली. ती मात्र एका पेशंटला घेऊन ऑपरेशनच्या खोलीकडे गेली होती. त्यांनी पुन्हा, जरा जोरात हाक मारली.

"सिस्टर!"

खोलीत सिस्टर उठल्या. नवऱ्याने सांगितल्याप्रमाणे बँडेजने त्यांना बरोबर अडवलं. अर्धवट वाकलेल्या, कंबर खुर्चीत आणि पाय जमिनीवर, अशा अवस्थेत त्या क्षणभर थबकल्या. पण पायांना थांबायची सवय नव्हती. ते चालू लागले आणि तेल घातलेली चाकं मुकाट्याने मागून निघाली. दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर फरशी गुळगुळीत होती आणि वॉर्डाकडे किंचित उतार होता.

"गेल्या!" तपासायच्या टेबलावर पालथे पडलेले आजोबा आतून ओरडले. "या खेपेला खुर्चीसकट!"

सिस्टरची पावलं खुर्चीच्या वेगाला पुरेनात, तेव्हा त्या बसल्या. बसल्यावर वेग आणखी वाढला. पेंटरने शिडी कवटाळली. बाकांवरच्या लोकांनी पाय वर घेतले. फळविक्रेता नकळत उठून उभा राहिला. सिस्टर सबंध व्हरांडा ओलांडून मोठे डॉक्टर आणि अध्यक्षबाई यांच्या बरोबर मध्ये येऊन थांबल्या आणि सवयीने म्हणाल्या, "काय झालं?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. अध्यक्षबाईंनी खुर्चीच्या मागे लोंबणारं बँडेजचं टोक बघितलं, मग ते जिथून निघालं होतं तिथवर नजर नेली.

"तुम्हाला बांधून ठेवावं लागतं?" त्यांनी विचारलं.

"आजच्या दिवस," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. संपलं सगळं, असं त्यांना वाटलं आणि डोळे भरून आले. मावशी येऊन खुर्ची ढकलत ढकलत त्यांना परत खोलीत घेऊन आल्या. मागोमाग डॉक्टर आणि अध्यक्षबाई आल्या. आजोबांनी परिस्थिती ओळखली. सदऱ्याची बटणं लावत ते स्वतःच बाहेर जाऊन बसले.

अध्यक्षबाई समोरच्या खुर्चीत बसल्या. "तुम्ही इथे नक्की काय करता, ते मला करून दाखवा," त्या म्हणाल्या. "मग निर्णय घेते. माझ्या हातून अन्याय व्हायला नको."

"करून दाखवू? कुणावर?"

"माझ्यावर. समजा, मी पेशंट आहे."

सिस्टरनी कोट सारखा केला. आता गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे भीतीही उरली नव्हती. "काय होतंय तुम्हाला?"

"मला काय होणार? काही नाही."

"हे काही नाही कधीपासून होतंय?"

अध्यक्षबाईंनी भुवई उंचावली. "तसं... पावसाळ्याच्या आधीपासून."

"आणि कशाने वाढतं?"

"जिना चढलं की. पण ते वयाने. दमायला होतं, एवढंच. केस जातात थोडे. कुणाचे जात नाहीत?"

सिस्टर त्यांच्याकडे बघत होत्या. खालची पापणी जरा ओढून बघू का, म्हणाल्या आणि बघितली. आतला लाल रंग कुणीतरी धुऊन काढल्यासारखा फिका होता. नखं बघायला हात हातात घेतला. नखं तशीच पांढुरकी होती. पण सिस्टरची नजर नखांवर ठरली नाही. ती बोटांच्या टोकांवर गेली आणि तिथेच राहिली. अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर पांढरी भुकटी होती.

"शाळेला सुट्टी आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. का?"

"मग हा खडू कसा?"

अध्यक्षबाईंनी हात झटकन मागे घेतला. इतका वेळ ताठ बसलेल्या बाई एकदम वर्गात पकडल्या गेलेल्या मुलीसारख्या दिसायला लागल्या. त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं.

"डॉक्टर," त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मोठे डॉक्टर बाहेर गेले. आजोबांनी त्यांना बाकावर जागा करून दिली आणि "तुमचा नंबर कितवा?" असं आपुलकीने विचारलेलं दार लागता लागता आत ऐकू आलं. मावशींनी कात्रीने बँडेज कापलं, गुंडाळून खिशात टाकलं आणि त्याही निघून गेल्या.

"मी खाते," अध्यक्षबाई एकदम म्हणाल्या. "खडू. रोज. आधी नुसता वास आवडायचा. मग एक तुकडा खाऊन बघितला. आता पर्समध्ये लागतोच. रंगीत नाही हं खात मी. फक्त पांढरा."

"पांढराच का?" सिस्टरनी मनापासून विचारलं. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"रंगीत बेचव लागतो."

"आणि शाळेत कुणाला कळलं नाही?"

"कळलं की! खडू कमी पडतात अशी तक्रार आली. मग चौकशी समिती नेमावी लागली."

"समितीवर कोण होतं?"

"अध्यक्ष मीच होते," बाई खाली बघून म्हणाल्या.

"मग समितीने काय ठरवलं?"

"उंदीर."

सिस्टरनी ओठ गच्च मिटले. पण अध्यक्षबाईंनाच हसू फुटलं. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि मग त्या नुसत्याच रडत राहिल्या. "शाळेत पिंजरे लावलेत," त्या रुमाल शोधत म्हणाल्या. "मी रोज त्या पिंजऱ्यांवरून जाते. मला वाटलं, मला वेड लागलंय. चांगली शिकलेली बाई मी. कुणाला सांगणार?"

सिस्टरना त्यांची फार माया आली. या बाई सगळ्या हॉस्पिटलवर हुकूम चालवत होत्या आणि पर्समध्ये एवढं ओझं घेऊन फिरत होत्या. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. "वेडबीड काही नाही," त्या म्हणाल्या. "रक्तातलं लोह कमी झालं की काहींना असं होतं. माती, बर्फ, खडू, काय वाटेल ते खावंसं वाटतं. तुम्ही पहिल्या नाही. रक्त तपासू, म्हणजे नक्की कळेल. पण लोह कमी का झालं, तेही शोधायला हवं. पाळीत त्रास होतो का? जास्त जातं?"

"आता... कसं सांगू..." अध्यक्षबाईंनी खुर्ची पुढे ओढली. "हे मी आमच्या घरीसुद्धा बोलले नाही. त्याचं असं झालं, की मागच्या वर्षी..."

"सिस्टर!" वॉर्डातून हाक आली.

"मागच्या वर्षी काय?" सिस्टर म्हणाल्या.

"मागच्या वर्षी बहिणीच्या घरी गेले होते, तेव्हा..."

"सिस्टर! अहो सिस्टर!" पुन्हा हाक आली. दारावर टकटक झाली, दार थोडंसं उघडलं आणि मोठ्या डॉक्टरांचं डोकं आत आलं. "सिस्टर, वॉर्डातून कुणीतरी बोलावतंय. तिथली सिस्टर अजून परत आली नाहीये."

"तुम्ही बघा ना जरा तेवढं," सिस्टर मान न वळवता म्हणाल्या. "माझ्यासमोर पेशंट आहे. हं, बहिणीच्या घरी गेलात आणि?"

दार हळूच लागलं. अध्यक्षबाई बोलत राहिल्या. बहिणीच्या घरून त्या शाळेवर आल्या, शाळेवरून जिन्यावर आल्या, जिन्यावरून रात्रीच्या धडधडीवर. कधी थांबल्या तर सिस्टर 'मग?' एवढंच म्हणत, आणि त्या पुढे निघत. शेवटी सांगायचं सगळं सांगून झालं, तेव्हा त्यांनीच एक लांब श्वास सोडला.

"रक्ताचा रिपोर्ट आला की डॉक्टरांशीही बोलेन मी," सिस्टर म्हणाल्या. "त्यांना खडूचं सांगावं लागेल."

"खडूचं सांगा," अध्यक्षबाई उठता उठता म्हणाल्या. "समितीचं नको."

सिस्टरनी दार उघडून दिलं. बाहेर मोठे डॉक्टर नुकतेच येऊन उभे राहिले होते. त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या होत्या आणि हात ओले होते.

"डॉक्टर," अध्यक्षबाई म्हणाल्या, "चादरींना दुसरी जागा बघा. ही खोली यांच्याकडे राहील."

"बरं," डॉक्टर म्हणाले.

अध्यक्षबाई रक्त द्यायला गेल्या. त्या वळणावरून दिसेनाशा झाल्यावर सिस्टरनी भिंतीला टेकून डोळे मिटले. एवढा आनंद झाला होता. मग डोळे उघडल्यावर त्यांचं लक्ष डॉक्टरांच्या ओल्या हातांकडे गेलं.

"कुठे गेला होतात, डॉक्टर?"

"वॉर्डात. तुम्हीच नाही का पाठवलंत?" डॉक्टर म्हणाले. "एका आजींना बेडपॅन हवं होतं."

"दिलंत?"

"दिलं."

"आणि मग काढून घेतलंत ना? की त्यांना तसंच ठेवून आलात?"

मोठे डॉक्टर बाह्या आणखी थोड्या वर सारून मुकाट्याने वॉर्डाकडे वळले आणि सिस्टर आत जाऊन खुर्चीत बसल्या.

"या आजोबा," त्यांनी हाक मारली. "कुणाला न सांगता काय केलंत?"